काही करत न्हाई ते!

तेरमध्ये गल्लीला एक तरी आप्पा असतो. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं बापू, खालच्या आळीला एक अक्काही आहेत. पण वाण तोच. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही भिंतीला पाठ लावून, भाजीची पिशवी छातीशी धरून उभे असता. समोर एक कुत्रं दात दाखवत गुरगुरत असतं. आणि पलीकडच्या ओसरीत तंबाखू मळत बसलेला एक माणूस, जागचा न हलता, मोठ्या मायेनं सांगतो, "या की गुरुजी, या! काही करत न्हाई ते." तो आप्पा.

आप्पांचं कुत्रं खरंच कधी काही करत नाही. जे होतं ते समोरच्याकडून होतं. तुम्ही पळालात म्हणून ते मागं लागलं. नाही पळालात, तर "थांबायचं कशाला? चालत ऱ्हायाचं की." हातात काठी होती म्हणून त्याला राग आला, काठी नव्हती तर "असं मोकळ्या हातानं हिंडायलाव व्हय गुरुजी, दिवस कसले आलेत!" छत्री त्याला आवडत नाही. हेल्मेट आवडत नाही. पोस्टमनशी तर त्याचं पिढीजात वैर. एखाद्या पोराची पोटरी धरलीच, तर पोरानं शेपटीवर पाय दिलेला असतो. ती शेपूट त्या वेळी पोराच्याच स्वयंपाकघरात काय करत होती, एवढं मात्र आप्पा विचारत नाहीत.

मालकीचा प्रश्न आप्पांनी फार सोयीनं सोडवलाय. मागं एका रात्री खळ्यावरची सोयाबीनची पोती उचलायला कुणी तरी आलं होतं म्हणे, आणि राजाच्या भुंकण्यानं पळालं. तेव्हा पारावर बसून आप्पा सांगत होते, "आमचा राजा! बाप अस्सल कारवानी, आई ढोकीकडची. धनगराच्या हातापाया पडून आणलंय." पुढच्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली अंड्यावरची कोंबडी गेली. पिसं आप्पांच्या उकिरड्यावर सापडली. तेव्हा तेच आप्पा म्हणाले, "ते होय? ते कुठलं आमचं! रानातनं आलंय कुठनं तरी. भाकरीचा तुकडा टाकतो म्हणून दारात पडतंय. जीव हाय शेवटी." थोडक्यात, पराक्रम आप्पांच्या खात्यावर आणि नुकसान गावाच्या.

चैत्रात आमच्या घरी कुरडया होतात. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून हिनं कुरडया घातल्या आणि चहा टाकायला ती आत गेली. तेवढ्यात राजा तारेच्या कुंपणाखालून आला. त्याला त्या कुंपणाखालची एक जागा पाठ आहे. मी ती बाभळीच्या काट्यांनी बुजवतो आणि तो त्या काट्या ओढून पुन्हा मोकळी करतो. तो बाजेवर चढला, मधोमध दोन गिरक्या घेतल्या आणि अंगाची वळकटी करून झोपला. गार चीक, वर कोवळं ऊन. जागा त्यानं उत्तम निवडली होती. ओरडा झाला तेव्हा तो सावकाश उठला. पोटाला सात-आठ कुरडया चिकटलेल्या, एक कानाला, अशा थाटात आल्या वाटेनं निघून गेला. संध्याकाळी आप्पा स्वतः आले. आम्हाला वाटलं, बोलायला आले. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "वैनी, औंदा कुरडयात मीठ जरा जादा पडलंय काय? राजा दुपारपासनं पाणीच पिऊलालंय."

यावर माणसानं काय बोलावं? तरी मी एकदा बोललो. राजा आमच्या चुलीपुढून भाकरी घेऊन पळाला, मी पायताण घेऊन त्याच्या मागं, आणि दारात आप्पा. त्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाले, "गुरुजी, नामदेव महाराजांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले. कोरडी खाऊ नको म्हणाले. अन् तुम्ही पायताण घेऊन धावायलाव? अन् तेबी गोरोबाकाकांच्या गावात?" आप्पा भजनात टाळ धरतात, त्यामुळं त्यांच्याकडं दाखल्यांचा तुटवडा नाही. पांडवांमागून शेवटपर्यंत कोण गेलं? कुत्रं. दत्ताच्या पायाशी कोण? कुत्रं. भैरवाचं वाहन? तेच. मीही गावचाच. म्हटलं, "आप्पा, गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्या संतांची डोकी वाजवून पाहिली, तेव्हा कच्चं मडकं कोण निघालं? नामदेवच ना?" आप्पा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "म्हणजे पक्क्या मडक्यानं तर आणखीन तूप वाढलं असतं." संतांच्या गावात वाद घालायचा म्हणजे हे असं होतं.

राजाला उकरायचाही नाद आहे. आमच्या परसातला कोथिंबिरीचा वाफा आठवड्यातून एकदा तरी खाली-वर होतो. आता तेरमध्ये उकरण्याला एक प्रतिष्ठा आहे, हे मान्य. हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे फार मोठं शहर आहे आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं. त्या गाड्यांच्या मागं इथली कुत्री वेशीपर्यंत भुंकत जात असणार, आणि कुणी तरी त्या काळचा आप्पा गाडीवानाला ओरडून सांगत असणार, की काही करत नाही ते. पुढं १९५८ साली चापेकरांनी इथं रीतसर उत्खनन केलं. त्याच्याही आधीपासून रामलिंगप्पा लामतुरे यांनी मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती जमवल्या, त्यांचंच आजचं वस्तुसंग्रहालय. पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की आजही खापरं उघडी पडतात. त्यामुळं वाफ्याची तक्रार घेऊन गेलो, तर आप्पा म्हणाले, "उकरू द्या की. नशिबात असलं तर एखादा मणी निघंल. मग म्हणू नका माझा." म्हणजे मण्याची मालकी आधीच ठरलेली होती.

कायदा नाही असं नाही. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हाच दंड हजार रुपये होता. १ जुलै २०२४ पासून पाचपट झाला. महागाईनं कुणाला सोडलंय! पण कलम लावायचं कुणाला? पेरणीला आप्पांचा ट्रॅक्टर आमच्या रानात येतो. आमच्या थोरलीच्या लग्नात पंगतीला वाढपी म्हणून आप्पांचीच पोरं होती. पोलिसात अर्ज लिहायला बसलो, तर घरातूनच विचारणा झाली, "अन् मग उद्या विरजण कुणाकडनं आणायचं?"

मग कोंडवाडा आठवला. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचा कायदा १८७१चा. इंग्रजांनी त्यात गुराढोरांबरोबर घोडी, गाढवं, डुकरं, शेळ्या-मेंढ्या सगळं घातलं. एवढंच काय, हत्ती आणि उंटही घातले. कुत्रं राहिलं. उद्या माझ्या वाफ्यात हत्ती शिरला तर मला सरकारदरबारी दाद आहे. राजापुढं मात्र सरकारही हतबल. हे मी आप्पांना सांगितलं तर त्यांना भरून आलं. "बघा," म्हणाले, "इंग्रजालाबी कळत हुतं."

एका बाबतीत मात्र मला हसू येत नाही. चावलं की आप्पांचा उपाय तयार असतो: चुना लावा, तिखट भरा, हळद दाबा. आणि दवाखान्याचं नाव काढलं की, "पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत्यात, कशाला पोराचे हाल करता!" ती पोटातली इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली, आता दंडावर देतात, तीही मोजकीच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की मग उपाय उरत नाही. म्हणून मी आप्पांना विचारलं, "राजाला टोचून आणलंय का? वर्षाला एकदा टोचावं लागतं." आप्पा म्हणाले, "त्याला कोण टोचणार? अंगाला हात लावू देत न्हाई ते. मलाबी धरतंय."

तेच. काही न करणारं.

गेल्या दिवाळीत आप्पांनी फाटकाला पाटी लावली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात: 'कुत्र्यापासून सावध रहा'. मुलगा पुण्याहून करून घेऊन आला होता. पाटी आप्पांच्या फाटकाला, आणि कुत्रं दिवसभर आमच्या अंगणात. येणारेजाणारे आप्पांचं घर टाळून सावधपणे आमच्याकडं वळायचे आणि नेमके राजाच्या तोंडी सापडायचे. मला तेव्हा इटलीतलं पॉम्पेई आठवलं. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या त्या शहरात १९३८ साली भारतीय बनावटीची एक हस्तिदंती बाई सापडली, आणि तिच्याशी मिळतीजुळती एक बाई आपल्या लामतुरे संग्रहालयात आहे. त्याच पॉम्पेईत एका घराच्या उंबऱ्यातच रंगीत खड्यांचं कुत्रं काढलंय, खाली लॅटिनमध्ये हीच सूचना, आणि कुत्र्याच्या गळ्यात साखळी! आमच्या पूर्वजांनी दिनारांच्या मागं लागण्याऐवजी त्या व्यापारात थोडी साखळी घेतली असती तर बरं झालं असतं. मी आप्पांना म्हटलं, "पाटी तरी माझ्या फाटकाला लावा." त्यांनी कसनुसं पाहिलं. "तुमच्याकडं कुत्रं कुठाय, गुरुजी?"

शेवटी प्रकरण तंटामुक्तीत गेलं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती १५ ऑगस्ट २००७ला, आणि बांधाच्या, वाटणीच्या, सुना-सासूंच्या भांडणात तिनं गावोगावी बरंच काम केलं. आमच्या समितीपुढं कुत्र्याचा तंटा पहिलाच असावा. सगळे पारावर बसले, चहा झाला, दुसरा चहा झाला. राजा मधोमध येऊन बसला आणि सगळ्यांनी आळीपाळीनं त्याला बिस्किटं दिली. आरोपीला पंचांनी खाऊ घालणं मला खटकलं, पण बोलता आलं नाही, कारण बिस्किटाचा पुडा माझाच होता. ठरलं असं की आप्पांनी राजाला बांधायचं.

आप्पांनी बांधलं. त्याच दिवशी साखळी आणली, माझ्या भिंतीला लागून असलेल्या लिंबाला अडकवली, आणि रात्री राजानं जो सूर लावला तो काकड्यापर्यंत. दुसऱ्या रात्री तेच. गल्ली जागी. सकाळी जो तो मला गाठायला लागला. "गुरुजी, मुकं जनावर हाय, एवढा डाव धरू न्हाई." दूधवाला म्हणाला, "बांधायला लावलं म्हणं तुम्ही?" आप्पांच्या पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलं की १९६०च्या कायद्याप्रमाणं कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून आणणं मालकावर बंधनकारक आहे, नाही तर ती क्रूरता. आप्पा मोबाइल घेऊनच आले. "बघा गुरुजी, तुमच्यापायी माझ्यावर केस व्हायची." आमच्या घरातूनही भिंतीवरून भाकरी जायला लागली, वर तूप होतं की नाही, हे मी पाहिलं नाही.

चार रात्रींनंतर मीच गेलो. आप्पा ओसरीत तंबाखू मळत बसले होते. म्हटलं, "आप्पा, सोडा त्याला."

आप्पांनी चिमूट दाढेला लावली. "तोंडी नको गुरुजी. लेखी द्या."

"लेखी कशाला?"

"उद्या त्यानं काही केलं, तर तुम्हीच म्हणाल, आप्पानं सोडलं."

त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडून पुढं केलं. पेन माझ्या खिशाला होतंच.