कापड दुकान बुडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

कापड दुकान आपोआप बुडतं, हा यवतमाळ जिल्ह्यातला मोठा गैरसमज आहे. इथं लग्नं थांबत नाहीत, पोरांच्या पँटी आखूड व्हायच्या थांबत नाहीत आणि व्याह्याला टोपी-दुपट्टा केल्याशिवाय कार्य पार पडत नाही. एवढं गिऱ्हाईक असताना दुकान बुडवायचं, तर मालकानं जातीनं लक्ष घालावं लागतं. वणीपासून उमरखेडपर्यंतच्या होतकरू मालकांसाठी ही पद्धत.

सुरुवात कॅलेंडरपासून. या जिल्ह्यात पैसा कापसाच्या मागे चालतो. जूनमध्ये तो बियाणं आणि खत होऊन मातीत जातो, दसरा-दिवाळीच्या वेचणीला डोकं वर काढतो आणि सीसीआयचे, म्हणजे कापूस महामंडळाचे, चुकारे खात्यात पडू लागले की बाजारात येतो. तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई त्यावरच उभी असते. हे पंचांग तुम्ही पाहूच नये. मुंबईच्या मॉलमध्ये जुलैत ‘एंड ऑफ सीझन सेल’ लागला की आपणही यवतमाळच्या दत्त चौकात बॅनर लावावा. शेतकरी तेव्हा युरियासाठी रांगेत असतो आणि त्याचा सीझन नुकता सुरू झालेला असतो. पण बॅनर उठून दिसतो. दिवाळीचा माल भरताना शेताकडे नजर टाकू नये. २०१७ साली गुलाबी बोंडअळी कपाशीत शिरली, तशी ती दुकानांच्या गल्ल्यातही शिरली होती. पण आपण मागच्या वर्षीचा आकडा घ्यावा, त्यात चौथाई वाढवावी आणि गाडी भरून मोकळं व्हावं.

खरेदीला नागपूरच्या गांधीबागेत जावं, हिंमत असेल तर थेट सुरतला. जे आपल्याला आवडतं ते घ्यावं. शर्ट सेटमध्ये येतो, लहान-मोठ्या सगळ्या मापांचा. दोन आठवड्यांत मधली मापं निघून जातात आणि उरतात टोकाची: एक कॉलेजातल्या काडीपैलवानाला होणारं, एक सरपंचालाही ढगळ होणारं. यालाच सेट तुटणं म्हणतात. फळी भरलेली दिसते आणि गिऱ्हाईक ‘माझ्या मापाचं नाही’ म्हणून परत जातं. हा क्षण फार मोलाचा. शहाणा मालक अशा वेळी तुटके सेट मिळेल त्या भावात काढतो आणि पैसा मोकळा करतो. तुम्ही ‘घेतलेल्या भावाखाली देणार नाही’ असा बाणा धरावा आणि नव्या डिझाइनचे नवे सेट मागवावेत. जुना शर्ट फळीवर असतो, त्याचं व्याज बँकेत असतं. एप्रिल २०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल कायद्यानं ठरलेल्या, जास्तीत जास्त ४५ दिवसांच्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात धरत नाहीत. म्हणजे न विकलेल्या मालावर न झालेल्या नफ्याचा कर भरण्याचं भाग्य लाभू शकतं.

आता बस्ता. क्रूझरमधून बारा-चौदा माणसं उतरतात. त्यात नवरी असते, तिची आई असते आणि भिंतीला टेकून बसलेली, काहीच न बोलणारी एक आत्या असते. शालू कोणता घ्यायचा ते आत्या ठरवते, हे गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून तिच्याकडे पाठ करावी. मोबाइलात गुंतलेल्या मामेभावाला शालू उलगडून दाखवावा. आत्या म्हणालीच, ‘काठ लहान नाही का बाप्पा?’ तर सांगावं, ‘काकू, सध्या हेच चालू आहे.’ चहा विचारावा, आणू नये. भिंतीवर ‘एकच भाव’ ही पाटी असावी आणि मंडळी चपला घालू लागली की चारशे रुपये कमी करावेत. त्या दोन मिनिटांत आधी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या सगळ्या गावांत बातमी पोचते.

उधारीबद्दल काय सांगावं! ‘कापूस निघाला की देतो, भाऊ’ हे वाक्य खोटं नसतं. कापूस निघतो, पण त्यावर कृषी केंद्राचा आणि सोसायटीचा हक्क आधी असतो. आपण उधारीची रक्कम वहीत विक्री म्हणून लिहावी आणि त्या जोरावर पुसदला दुसरी शाखा काढावी, कर्जावर. यात आदर्श मोठे आहेत. किशोर बियाणी यांच्या पँटलूनचं मोठं दुकान १९९७ साली कोलकात्यात उघडलं, पुढे बिग बझार आलं. कर्ज हलकं करायला २०१२ मध्ये पँटलून आदित्य बिर्ला समूहाकडे गेलं, तरी कर्ज पुन्हा साचलं. मग टाळेबंदी आली, भाडी थकली, २०२२ च्या फेब्रुवारीत कित्येक दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली आणि जुलैत बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बिग बझारात गर्दी नसायची, असं मात्र कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

स्थानिक मालाचा विचार मनात आणू नये. इथला कापूस शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरमार्गे मुंबईला आणि पुढे विलायतेला जायचा, ती परंपरा आहे. आज यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमचा मोठा कारखाना आहे. आपण मात्र उल्हासनगरची जीन्स विकावी, जिच्यावर इटलीचं स्पेलिंग चुकलेलं असतं.

तयार कपड्यांच्या किमतीही जपून चुकवाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. तेव्हा लेहंग्याची किंमत नेमकी २५५० ठेवावी. पन्नास रुपये जास्त मागून सव्वातीनशेहून अधिक जादा कर गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकण्याचं समाधान काही वेगळंच.

एवढं करूनही दुकान तग धरून असेल, तर आत कोपऱ्यात पाहावं. तिथं बहुधा घरच्या वहिनी परकर, फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, टॉवेल, बनियन आणि शाळेचे गणवेश विकत बसलेल्या असतात. त्या मालाला फॅशन नाही, नफा नगामागे थोडा, खप बारमाही आणि व्यवहार रोखीचा. दुकानाचं भाडं तोच कोपरा भरत असतो. तो लगेच बंद करावा आणि त्या जागी सूटबूट घातलेला एक पुतळा उभा करावा.