दिवा विझवणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,

गेल्या सोमवारी माझी गाडी बरी झाली. रोह्यात. खर्च आला साडेचारशे रुपये. जूनपासून गणपतीपर्यंत तुमच्याकडे मी सात हजार चारशे रुपये मोजले आणि तेवढ्या पैशांत तुम्ही एक दिवा विझवला. तीन वेळा विझवला, कारण तो तीन वेळा लागला होता.

तुमचं नाव लिहीत नाही. पेणमध्ये हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना ते कळायची गरज नाही, आणि तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळलं असेल.

गाडी २०१४ ची, पेट्रोलची, तीन सिलिंडरची. पासिंग आपल्याच पेणच्या आरटीओत झालेलं, एमएच ०६. मार्चमध्ये तुम्ही तिचं सर्व्हिसिंग केलंत, तिन्ही प्लग बदललेत. एप्रिल-मे ती एकदाही कुरकुरली नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. चार दिवसांनी आपोआप विझला. वडखळच्या खड्ड्यांतून एका भिजलेल्या सकाळी गेलो, पुन्हा लागला. तेव्हा तुमच्याकडे आलो.

तुम्ही स्टिअरिंगखाली हात घालून स्कॅनर जोडलात. पडद्यावर काहीतरी उमटलं. मी वाकून बघेपर्यंत तुमचा अंगठा बटणावर पडला होता. "गेला बघा. आता बिनधास्त चालवा." तीनशे रुपये.

त्या पडद्यावर पी०३०२ असं लिहिलेलं होतं. मला ते दोन महिन्यांनी कळलं, कारण तुमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाने बिलाच्या मागच्या बाजूला ते बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. तुमच्या गॅरेजात त्या दिवशी निदान करणारा तो एकटाच होता.

त्या पाच अक्षरांचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे, नसेल तर स्कॅनर हातात धरू नका. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचं खातं. तीनचा आकडा म्हणजे ठिणगी पडण्या-न पडण्याची तक्रार. शेवटचे दोन आकडे सिलिंडरचे. क्रँकशाफ्ट फिरताना किंचित अडखळला तर ती अडखळ कोणत्या सिलिंडरच्या पाळीला आली हे गाडीचा कॉम्प्युटर मोजत असतो. माझ्या गाडीने तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की दोन नंबरचा सिलिंडर ठोका चुकवतोय. शिवाय त्या क्षणाची नोंदही तिने ठेवली होती: इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, वेग किती, ओझं किती. हा सगळा जबाब तुमच्या तळहातावर होता. न वाचता पुसलात. पोलीस ठाण्यात असं कोणी केलं तर त्याला पुरावा नष्ट करणं म्हणतात, आणि गॅरेजात त्याचे तीनशे रुपये लागतात.

दिवा पुसल्यावर दोन दिवस गाडी चांगली चालली म्हणून तुम्ही मला फोनवर "बघा, झालं ना काम" म्हणालात. काम झालं नव्हतं. बहुतेक दोषांच्या बाबतीत कॉम्प्युटर एका फेरीतल्या चुकीवर दिवा लावत नाही, सलग दोन फेऱ्यांत तीच चूक सापडली की लावतो. सलग तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या की स्वतःच विझवतो, पण कोड आत जपून ठेवतो. इंजिन साधारण चाळीस वेळा गार होऊन पुन्हा तापेपर्यंत तो तिथे असतो. म्हणजे विझलेल्या दिव्यामागेही पुरावा शाबूत होता. तुम्ही तो पुसलात आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरला पहिल्यापासून चौकशी सुरू करायला लावलीत. सोबत इतक्या वर्षांत त्याने शिकून ठेवलेलं पेट्रोलचं मापही गेलं.

दुसऱ्या खेपेला तुम्ही पेट्रोलवर ढकललंत. "इथेनॉल मिसळतात हल्ली, जुन्या गाड्यांना सोसत नाही." इंजेक्टर साफ केलेत, एकवीसशे घेतलेत. जुन्या गाड्या आणि वीस टक्के इथेनॉल हा खरा प्रश्न आहे, माझ्यासारखे कितीतरी लोक त्याची काळजी करतात, आणि म्हणूनच त्याची ढाल करून तुम्ही आमच्या काळजीवर पैसे कमावलेत याचा मला राग येतो. एकाच टाकीतलं पेट्रोल तिन्ही सिलिंडरांना जातं. ते वाईट असतं तर एक आणि तीन नंबरने काय पुण्य केलं होतं? तक्रार एकट्या दोन नंबरचीच का आली, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता.

तिसऱ्या खेपेला स्कॅनरवर आणखी एक कोड होता, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचा. तुम्ही म्हणालात, ऑक्सिजन सेन्सर गेला. पाच हजार. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही त्यातला ऑक्सिजन न जळता सायलेन्सरकडे जाणारच, आणि सेन्सर ते सांगणारच. त्याने खरं सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी. तुम्ही तो खोलून नवा बसवलात आणि पुन्हा कोड पुसलात.

आता भिसे खिंडीचं सांगतो, कारण पैशांपुरतंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

ऑगस्टच्या शेवटी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पेणमध्ये झालं. संध्याकाळी तिला रोह्याला बहिणीकडे न्यायला निघालो. मागच्या सीटवर ती उशीला टेकून बसली होती, डोळ्यावर पट्टी. हिसके बसू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. नागोठणं सोडलं, पाऊस धो धो, आणि खिंडीच्या चढावर गाडीने ओढ सोडली. दिवा नुसता लागला नाही, उघडझाप करू लागला. उघडझाप करणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन त्याला आतून भाजतंय, ताबडतोब वेग कमी करा, हे तुम्ही मला तीन भेटींत एकदा तरी सांगायला हवं होतं. मी उलट ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. गाडी आचके देत होती. मागे धाटावच्या एमआयडीसीकडे निघालेला एक टँकर, त्याचे दिवे आमच्या मागच्या काचेत भरलेले, हॉर्न थांबत नाही, कडेला घ्यायला जागा नाही. आईने पट्टीवर तळहात दाबून धरला होता. ती काही बोलली नाही. शेवटी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने आम्ही माथा ओलांडला. तिच्या डोळ्याला काही झालं नाही. तुमचा त्यात काही हात नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "मग कॉम्प्युटरच गेलाय. बावीस हजार तयार ठेवा."

बहिणीच्या यजमानांनी मला रोह्यालगतच्या अष्टमीतल्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांकडे नेलं. त्यांच्याकडे तुमच्याइतका मोठा स्कॅनर नाही. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "लागतो कधी?" मी म्हटलं, कधीही. म्हणाले, "कधीही असं काही नसतं. आठवडाभर लिहून आण. पाऊस होता का, चढ होता का, गाडी गार होती का तापलेली. आणि लागला तरी कोणाला पुसू देऊ नकोस."

मी शंभर पानी वही केली. सात दिवसांत पाच नोंदी झाल्या. पाचही ओल्या दिवसांच्या, चार चढावरच्या. कोरड्या दोन दिवसांत गाडी चकार शब्द बोलली नाही. मिस्त्री, हे निदान बॉनेट न उघडता झालं होतं.

मग काकांनी बॉनेट उघडलं. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. त्यांनी दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावली, तीनची दोनवर, आणि मला फेरी मारून यायला सांगितलं. दोष कॉइलमध्ये असता तर तो तिच्याबरोबर तीन नंबरला गेला असता. कोड पुन्हा पी०३०२ च आला. कॉइल सुटली. प्लग नवे, तेही त्यांनी काढून बघितले, सुटले. इंजिन चालू ठेवून त्यांनी झाडांवर पाणी मारायचा फवारा घेतला आणि वायरिंगवर अगदी बारीक तुषार मारत दोन बोटांनी एकेक जोड हलवत गेले. एक नंबर, काही नाही. दोन नंबरच्या जोडाला बोट लागलं आणि इंजिन अडखळलं. बोट काढलं, सावरलं. पुन्हा लावलं, पुन्हा अडखळलं. काकांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. ती अडखळ मला नखात जाणवली.

तो जोड काळ्या टेपने गुंडाळलेला होता. टेप सोडवली. आत प्लास्टिकची कडी तुटलेली, पाणी अडवणारी रबरी चकती जागेवर नाही, आणि पितळी पिनेवर देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखा हिरवा थर. धरमतरच्या खाडीवरून येणारी खारी हवा आणि आपला पाऊस, त्यात उघडी पिन तीन महिने भिजली. एवढ्या थरातून कॉइलला पुरता करंट जात नव्हता. सपाटीवर कशीबशी ठिणगी पडायची. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढी ठिणगी पुरायची नाही. आणि ऊन पडलं, जोड सुकला की सगळं आलबेल. दिव्याच्या लपंडावाचं सगळं कोडं त्या एका पिनेत होतं.

मार्चमध्ये प्लग बदलताना ते जोड तुम्ही काढलेत. त्यानंतर जूनपर्यंत तुमच्याशिवाय कोणीही ते बॉनेट उघडलेलं नाही. जुनी प्लास्टिकची कडी उष्णतेने ठिसूळ होते, हाताखाली तुटते, त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. त्याच वेळी सांगितलं असतंत तर मी दीडशे रुपयांचा नवा जोड आणून दिला असता. तुम्ही टेप गुंडाळलीत आणि गप्प राहिलात. पुढे तीन वेळा स्कॅनरने तुम्हाला दोन नंबरचं नाव सांगितलं, तेव्हा तरी तुमचा हात त्या टेपकडे जायला हवा होता.

काकांनी नवा जोड टाकला, वायरी झाळल्या, पाणी अडवणारं ग्रीस भरलं. त्यानंतर पाऊस दोनदा मुसळधार झाला आहे आणि मी भिसे खिंड चार वेळा चढलो आहे.

ज्या सोळा पिनांच्या सॉकेटात तुम्ही तुमचा स्कॅनर घालता, ते १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना एकसारखं सक्तीचं झालं, आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना २०१३ पासून. एकसारखं केल्यामुळे कंपनीच्या वर्कशॉपाबाहेरच्या मिस्त्रीलाही गाडीचं म्हणणं वाचता येऊ लागलं. रस्त्याकडेच्या गॅरेजला, म्हणजे तुम्हाला, त्यातून केवढी मोठी गोष्ट मिळाली आहे. ज्यांना जुनी गाडीच परवडते अशी आम्ही माणसं त्याच्याच भरवशावर तुमच्या दारात येतो.

माझा जुना ऑक्सिजन सेन्सर तुमच्या फळीवर पडलेला असेल. तो चांगला आहे, मला परत हवा. गुरुवारी सकाळी येतो, वही आणि तो तुटका जोड घेऊन. जोड तुमच्याकडच्या त्या मुलाला दाखवायचा आहे. त्या वेळी त्याला बाहेर चहा आणायला पाठवू नका.