झोपवा, पण झोपू देऊ नका

संक्रांत आली की जळगावच्या मेहरूणमधल्या बऱ्याच घरांत एक बडा पाहुणा उतरतो. वय सात-आठ महिने, वजन साताठ किलो आणि सामान त्याच्या चौपट. पुण्यात त्याची झोप आईच्या मोबाइलमधलं ॲप ठरवतं. सकाळची डुलकी, दुपारची झोप, रात्री साडेसातला अंधार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की चार ते अकरा महिन्यांच्या बाळाने डुलक्या धरून दिवसाला १२ ते १६ तास झोपावं. संघटनेचं जळगावात कुणी नातेवाईक नसावं.

पाहुणा ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर गाढ झोपतो. अजिंठ्याच्या घाटातली वळणंसुद्धा त्याला उठवू शकत नाहीत. आईबाप मात्र तो बर्थवरून पडू नये म्हणून टक्क जागे. त्यामुळे पहाटे घरी पोचतात तेव्हा तिघांपैकी एकच जण ताजातवाना असतो, आणि तो बोलू शकत नाही.

नऊच्या सुमारास तो पहिली जांभई देतो. तेवढ्यात दर्शनाची रांग सुरू होते.

"झोपून राह्यला का? उठवा ना मग! आम्ही काय त्याला झोपलेला पाहायला आलो का?" असं म्हणत आप्पाआजोबांचे मित्र गालाला चिमटा काढतात. बाळ उठतं, रडतं. रडलं की घरातलं सल्लागार मंडळ बसतं. फुई म्हणते, मोहरीची उशी कुठेय? मामी सहाणेवर जायफळ उगाळायला घेते. शेजारच्या काकू साडीची झोळी बांधायला आढ्याला कडी शोधतात, आणि नव्या स्लॅबला कडी का ठेवली नाही यावरून आप्पांची उलटतपासणी होते. आई बिचारी डॉक्टरांनी सांगितलेलं म्हणून दाखवते: पाठीवर झोपवायचं, गादी सपाट नि घट्ट, आजूबाजूला उशी, गोधडी काही नको.

"म्हणजे उघडा टाकायचा पोराला? थंडी किती पडून राह्यली बाहेर!"

आणि बाळाच्या टोपीवर आणखी एक कानटोपी चढते. त्याला घाम फुटला की, "बघा, ताप येतोय."

एके काळी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन पाळीला जात. पोराजवळ बसायला घरात माणूस नसे. आता बसायला अकरा माणसं आहेत, आणि अकराही जणांना बाळ आपल्याच मांडीवर हवंय.

अपवाद फक्त आजीचा. ती कुणाशी वाद घालत नाही. पोराला उचलते, खांद्याशी धरते आणि ओसरी ते मागचं दार अशा संथ येरझाऱ्या घालते. मध्ये थांबत नाही, कुणाला उत्तर देत नाही. पोर निवलं की बाजेवर टेकते, पण त्याला लगेच खाली ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसून राहते, चांगला वेळ. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून हेच सांगितलं: पाच मिनिटं न थांबता घेऊन चाला, झोप लागली की आणखी पाच ते आठ मिनिटं धरून बसा, मग ठेवा. बाळ चाळवतं ते गादीला टेकल्यामुळे नव्हे, आपल्या अंगापासून सुटू लागतं म्हणून. जावईबापूंनी हे मोठ्या कौतुकाने आजीला वाचून दाखवलं.

"का हो, जपानात आज्या नाहीत का?"

आजीने साडेचारला झोपवलेलं बाळ पाच वाजता उठवतात, कारण बोरन्हाण पाचचं असतं. खरं तर सुरू सातला होतं, पण मधले दोन तास बोरांवर खर्ची पडतात. टोपलीतली बोरं खरी मेहरूणची की बाजारातली ॲपल बोरं, हा प्रश्न मेहरूणमध्ये बाळाच्या झोपेहून फार मोठा. प्रत्येक जण एक बोर चावतो, बी तपासतो आणि आपल्या लहानपणच्या झाडाची आठवण काढतो. सगळ्यांच्या आठवणी होईपर्यंत टोपली अर्धी होते.

मग काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे बाजूबंद, हातात हलव्याची बासरी. बाळ मुकुट चाटतं, ते चालतं. पण मान टाकतं, ते चालत नाही. "अरे, इकडे बघ! हस ना भो!" सात मोबाइल समोर धरलेले. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं ओततात. गल्लीतली पोरं झडप घालतात. बाळ असं काही भोकाड पसरतं की सगळं घर एकमताने निदान करतं: नजर लागली. झोप आली असेल, ही शंका कुणाच्याच मनाला शिवत नाही. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत पडतात आणि आता बाळासकट सगळे ठसकायला लागतात.

परसात वांगी भाजलेलीच असतात. इतकी माणसं जमल्यावर भरीत व्हायलाच हवं. बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच फुई लाकडी मुसळीने वांगी ठेचायला सुरुवात करते. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, असा नियम २००० सालापासून आहे. त्यात लाउडस्पीकर आहे, फटाके आहेत. फुईचा उल्लेख नाही.

साडेदहाला जावईबापू निमूट गाडी काढतात आणि बाळाला घेऊन मेहरूण तलावाकडे वळतात. गाडी चालू असली की पोर झोपतं, गतिरोधक आला की उठतं. तलावाशी आधीच दोन गाड्या, काचा वर, मागे बेबी सीट. तिन्ही बाप एकमेकांकडे बघून नुसती मान हलवतात.

तेवढ्यात धुळ्याहून जावईबापूंच्या आईचा फोन. "झालं का रे तिकडचं बोरन्हाण? आपल्याकडचं रविवारी ठेवलंय. रथसप्तमीपर्यंत चालतं. जास्त कुणाला सांगितलं नाही, घरचीच साठ माणसं आहेत. आणि हो, त्याला येताना गाडीत झोपू देऊ नको, नाहीतर इथे आल्यावर झोपायचा नाही."