साहेब नवे, बस जुनी

पुण्यात थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला बसची खात्री नसते. पीएमपीचे साहेब बदलणार, याची मात्र पक्की असते. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवांचं लग्न लावून हे महामंडळ उभं राहिलं. तेव्हापासून अध्यक्षांच्या खोलीतल्या नामफलकाला सुताराने किती वेळा फळी जोडली असेल, देव जाणे. तुकाराम मुंढे अध्यक्ष म्हणून मार्च २०१७ मध्ये आले, फेब्रुवारी २०१८ मध्ये नाशिक महापालिकेत गेले आणि नोव्हेंबरात तिथूनही हलले.

कायदा नाही असं नाही. २००५ चा दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो, अधिकारी एका पदावर साधारण तीन वर्षं राहावा, आणि फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कुणीतरी टंकलेखन करताना दोन्ही कलमांची अदलाबदल केली असावी. मुदतीआधी बदली करायची तर 'विशेष प्रकरण' म्हणून लेखी कारण नोंदवावं लागतं. आपल्याकडे विशेष नसलेलं प्रकरण कुणी पाहिलंय?

नव्या साहेबांचे पहिले काही आठवडे पुष्पगुच्छांत जातात, पुढचे सादरीकरणांत. स्वारगेटची गर्दी आणि भोसरीची गर्दी वेगळी, हे कळू लागतं तोच ऑर्डर येते. अनुभव मग डेपोतल्या जुन्या मेकॅनिककडे साठत राहतो, आणि त्याला बैठकीला कुणी बोलवत नाही.

साहेबांच्या ओळखी मात्र भरपूर. बस वेळेवर धावायची तर वाहतूक पोलीस, आरटीओ, दोन्ही महापालिकांचे पथ विभाग यांच्याशी घरोबा हवा. पण तो जमायला वर्षं लागतात आणि पुढच्या पोस्टिंगला कामाला येत नाही. तिथे मंत्रालयाचा सहावा मजला, म्हणजे मुख्यमंत्र्यांचं कार्यालय लागतं. ओळखी सगळ्या उभ्या, बस बिचारी आडवी धावते.

याउलट, ई. श्रीधरन कोकण रेल्वे उभारून दिल्ली मेट्रोत गेले आणि १९९७ पासून २०११ पर्यंत तिथेच राहिले. पहिला टप्पा मुदतीआधी झाला. एकाच खुर्चीत चौदा वर्षं! असं इथे घडलं तर साहेबांना काम येऊ लागेल, केवढी आफत.

पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०-४० अशी भरतात. तेव्हा काटकसर म्हणून नव्यांचं स्वागत आणि जुन्यांचा निरोप एकाच दिवशी, एकाच हारात उरकावा. हाराचं बिलही ६०-४० वाटून घ्यायला हरकत नाही.