मुकादम कॉन्फरन्स रूममध्ये

माणसं कशी सांभाळावीत हे शिकायला हल्ली कॉर्पोरेट मंडळी मुंबईच्या डबेवाल्यांना व्याख्यानाला बोलावतात. १८९०पासूनची परंपरा, वर हार्वर्डची केस स्टडी, टाळ्या पडणारच.

पाहुणे साधेपणाने सांगतात : मुकादम झाला तरी डबे उचलणं सुटत नाही. गडी आजारी पडला की मुकादम स्वतः त्याच्या लाइनवर उभा राहतो. आणि महिनाअखेरीला गटातली वाटणी सारखी. इथे टाळ्या एकदम विरळ होतात. (एचआरने ही स्लाइड आधी बघायला हवी होती.) साहेब वहीत ‘टीम स्पिरिट’ एवढंच टिपून घेतात. २००३मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला भेटायला आले, तेव्हा वेळ डबेवाल्यांच्या सोयीची ठरली, हा किस्सा मात्र साहेबांना फारच आवडतो. युवराज थांबतो, डबा थांबत नाही! वा!

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज येतो : ‘उद्या रिव्ह्यू दुपारी एक ते तीन. सगळे हवेत. डबा नंतर खाता येईल.’ खाली पांढरी टोपी घातलेला साहेबांचा सेल्फी. आणि बत्तीस जणांचे अंगठे.