पंपाची नाडीपरीक्षा

जानेवारीतली रात्र. बाहेर उणे दहा. न्यू जर्सीतल्या एका जुन्या दुमजली घरात मराठी कुटुंब स्वेटरवर शाल आणि शालीवर रजई अशा थरांत बसलेलं आहे. खाली बेसमेंटात बॉयलर धगधगतोय, पण भिंतीलगतचे बेसबोर्ड हाताला गारढोण. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष कपाळाला आठ्या घालून जाहीर करतो, "पंप गेला." त्यानं पंप कधी पाहिलेला नसतो. तो बेसमेंटाच्या कोणत्या कोपऱ्यात असतो हेही त्याला ठाऊक नसतं. तरी निदान पक्कं झालेलं असतं. प्रस्तुत मार्गदर्शन अशाच निदानकर्त्यांसाठी आहे.

आधी थोडं पूर्वज्ञान. मराठी माणसाचा बॉयलरशी पहिला परिचय आजोळच्या न्हाणीघराबाहेरच्या तांब्याच्या बंबात झालेला असतो. बंबाला पंप नसे. कढत पाणी बादलीतून न्हाणीघरात नेणारा जो कुणी असे, तोच त्या व्यवस्थेतला सर्क्युलेटर. न्यू जर्सीच्या घरात हे काम बॉयलरजवळच्या पाइपावर बसवलेला, नारळाएवढा एक पंप करतो. तापलेलं पाणी घरभर फिरवायचं आणि निवलेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे आणायचं, एवढीच त्याची नोकरी.

या नोकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. शेतातली मोटर आणि सोसायटीची टाकी पाहत वाढलेल्या माणसाला वाटतं की हा पंपही पाणी वरच्या मजल्यावर चढवतो. मुळीच नाही. पाइपांची फेरी बंद असते. सायकलची चेन एका बाजूनं जितकी वर जाते, तितकीच दुसऱ्या बाजूनं खाली येते, त्यामुळे पायडल मारणाऱ्याला चेनचं वजन उचलावं लागत नाही. इथंही पंपाला फक्त पाइपांतलं घर्षण जिंकायचं असतं. म्हणून अमेरिकी घरांत सर्रास दिसणारा हिरवा टॅको ००७ हा पंप अश्वशक्तीच्या पंचविसाव्या हिश्शावर भागवतो. शेतातल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरच्या तुलनेत हा एकशे पंचवीस पटींनी दुबळा. नंबर मात्र जेम्स बाँडचा.

पूर्वी तर पंपाशिवायच चाले. गरम पाणी हलकं होऊन वर चढे, थंड झालेलं जड पाणी खाली उतरे. त्यासाठी पाइप मात्र मनगटाहून जाड लागत. जर्मनीतल्या डोर्टमुंडच्या विल्हेल्म ऑपलेंडर यांनी पाइपातच बसणारा विजेचा 'अभिसरण-प्रवेगक' तयार केला आणि १९२९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. तेव्हापासून पाइप बारीक झाले आणि दोष द्यायला घरात एक नवा इसम आला.

आता प्रत्यक्ष चिकित्सा. आयुर्वेदातली त्रिविध परीक्षा म्हणजे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पंपाच्या बाबतीत प्रश्न सर्वांत आधी घ्यावा, कारण प्रश्न विचारताना हात भाजत नाहीत.

पायरी पहिली : प्रश्न. पहिला प्रश्न बेसमेंटच्या जिन्याला विचारावा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या अनेक घरांत या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचं एक बटण असतं. ते बॉयलरचं आणीबाणीचं बटण. पाहुणा आला की तो दिव्याचं समजून ते हमखास दाबतो. अर्थात आपल्या कथेतला बॉयलर धगधगतोय, म्हणजे पाहुणा निर्दोष आहे.

दुसरा प्रश्न : थर्मोस्टॅट किती अंशांवर आहे आणि शेवटचा हात कुणी लावला? उत्तर 'कुणीच नाही' असंच येतं. त्याकडे दुर्लक्ष करून आकडा स्वतः पाहावा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : आंघोळीला कोण गेलंय? काही जुन्या बॉयलरांत आंघोळीचं पाणीही त्याच पोटातल्या वेटोळ्यातून तापतं. बॉयलरचं तापमान ठरावीक मर्यादेखाली गेलं की अ‍ॅक्वास्टॅट नावाचा नियंत्रक पंप मुद्दाम थांबवतो, कारण न्हाणीघराचा मान पहिला. घरातला तरुण चाळीस मिनिटं शॉवरखाली उभा असेल, तर दिवाणखाना गार पडणारच. त्या वेळी पंपाला शिव्या देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पायरी दुसरी : दर्शन. बॉयलरवरच्या काट्याकडे पाहावं. दुमजली घरात थंड अवस्थेत दाब साधारण १२ पीएसआय असावा. एक पीएसआय पाण्याला सुमारे २.३ फूट वर धरतो, म्हणजे बारामध्ये साडेसत्तावीस फूट झाले. बेसमेंटातून वरच्या मजल्याच्या बेसबोर्डापर्यंत पाणी पोचवण्याचं काम या दाबाचं आहे, पंपाचं नाही. काटा पाचावर लोळत असेल, तर वरच्या पाइपांत पाणीच नाही, आणि जे नाही ते पंप कसं फिरवणार? उलट काटा तिसाकडे निघाला असेल, तर तिसाला सुटणारा सुरक्षा व्हॉल्व्ह लवकरच फरशी धुऊन काढेल. अशा वेळी शोध पंपाचा नाही, प्रसरण-टाकीचा घ्यावा.

पंपाच्या अंगावर एक बाणही कोरलेला असतो. पाणी कुठल्या दिशेनं जायचं ते तो सांगतो. मागच्या वेळी कुणी हौसेनं पंप बदलला असेल, तर बाणाची दिशा विशेष निरखून पाहावी.

पायरी तिसरी : स्पर्शन. बॉयलरमधलं पाणी १८० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ८२ सेल्सिअसला, जातं. तेव्हा तळवा टेकवून आशीर्वाद देऊ नये. बोटाचा मागचा भाग क्षणभर लावून काढावा. जाणारा पाइप कढत आणि परतीचा त्याहून थोडा कमी गरम असेल, तर पाणी फिरतंय. निरोगी फेरीत दोघांत साधारण वीस फॅरनहाइटचा फरक असतो. जाणारा पाइप बॉयलरपाशी कढत, दहा फुटांवर कोमट आणि परतीचा थंडगार असेल, तर नाडी बंद आहे.

पायरी चौथी : श्रवण. ही परीक्षा सर्वांत रुबाबदार. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवावं आणि मूठ कानाला लावावी. घरची मंडळी जिन्यावर असतील, तर डोळेही मिटावेत. संथ गुणगुण ऐकू आली तर प्रकृती उत्तम. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर आत हवा तरी आहे किंवा बेअरिंग झिजलंय. गुणगुण आहे पण पाणी हलत नाही, याचा अर्थ रोटर अडकलाय किंवा कपॅसिटर गेलाय. अडकलेल्या रोटरला हातोडीच्या लाकडी दांड्यानं दोन हलके टोले दिले, तर तो कधीकधी दचकून फिरू लागतो. जुन्या टीव्हीला थाप मारणाऱ्या पिढीला हे तंत्र शिकवावं लागत नाही. उपचार मात्र तात्पुरता आहे. बेल अँड गॉसेटचा जुना लाल पंप असेल, तर आणखी एक शक्यता उरते. त्यात मोटर आणि पंप यांना स्प्रिंगचा कपलर जोडतो. तो तुटला की मोटर उत्साहानं फिरते आणि पाणी जागच्या जागी राहतं.

अजिबात आवाज नसेल, तर मल्टिमीटर आणावा. १२० व्होल्ट पंपापर्यंत पोचत असूनही तो गप्प असेल, तरच पंप गेला. वीज पोचतच नसेल, तर रिले किंवा वायरिंगकडे वळावं.

पायरी पाचवी : पुण्याचा फोन. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि सासरेबुवा पहिल्या चहावर असतात. लक्षणं पुरती ऐकण्याआधीच ते म्हणतात, "एअर घेतलीय. प्रायमिंग करा." जावईबापूंना हसू येतं, कारण बंद फेरीत ना फूटव्हॉल्व्ह असतो ना विहीर. पण 'एअर' हा शब्द सोडू नये. पाइपांत खळखळ ऐकू येत असेल, तर सासरेबुवा निम्मे बरोबर आहेत. वरच्या पाइपात हवेचा गोळा अडकला की एवढासा पंप तो ढकलू शकत नाही. बॉयलर बंद करून निवू द्यावा. मग फेरीचा व्हॉल्व्ह मिटून, शेवटच्या तोटीला बागेची नळी जोडून, ताज्या पाण्याच्या दाबानं हवा बादलीत काढावी. बुडबुडे थांबेपर्यंत काट्यावर नजर हवी. हे सगळं आटोपल्यावर पुण्याला फोन करून यशाचं श्रेय द्यावं की नाही, हा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा.

पायरी सहावी : शस्त्रक्रिया. इतक्या परीक्षांनंतरही पंपच दोषी ठरला, तर ब्रेकर बंद करावा आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटावेत. व्हॉल्व्हच नसतील तर अख्ख्या घराचं पाणी काढावं लागतं. इथं शहाणी माणसं प्लंबर बोलावतात. बर्नर आणि गॅसला तर हौशी हातानं शिवूच नये. स्वतःच करायचं ठरलं, तर काम चार बोल्टांचं आहे. जुनं गॅस्केट खरवडून काढावं, नवीन त्याच्यावर बसवलं की गळती ठरलेली. पाण्यानंच वंगण होणाऱ्या पंपाचा दांडा आडवा ठेवावा. उभा बसवला की बेअरिंगांत हवा साचते.

नवा पंप हल्ली बहुधा कायम चुंबकाच्या मोटरचा असतो. तो वीज कमी खातो आणि आवाज जवळजवळ करतच नाही. जुन्या लोखंडी पाइपांतला काळा गाळ चुंबकाला चिकटतो, म्हणून फेरी आधी धुऊन घ्यावी.

रात्री अकराला पंप सुरू होतो. साडेअकरापर्यंत रजया, मग शाली आणि शेवटी स्वेटरही उतरतात. घर झोपतं. कर्त्या पुरुषाला मात्र झोप लागत नाही, कारण वीस वर्षांची ती ओळखीची गुणगुण थांबलीय. दोनच्या सुमारास तो अंधारात जिना उतरतो, दिवा लावायला हात पुढे करतो आणि लाल बटण दाबतो.