शिळ्या खिम्याचं पंचांग

खिमा-चीज सँडविच खायचं गरम, पण त्यातला खिमा मात्र शिळाच हवा. एवढं ध्यानात आलं की बाकी कृती कुणालाही जमेल. ताज्या खिम्याचं सँडविच करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. खिमा फक्कड जमलेला असतो, ब्रेड ताजा असतो, आणि टोस्टर उघडल्यावर आतून जे निघतं ते वाटीत घेऊन चमच्याने खावं लागतं. ताज्या खिम्यातला रस आणि सुटलेलं तेल मोकळं असतं. ब्रेड ते पिऊन टाकतो आणि मधोमध फाटतो. तोच खिमा रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की चरबी गोठते, रस जागच्या जागी धरून ठेवते, आणि खिमा चमच्याने हवा तेवढा कापून उचलता येतो. शिवाय मसाला तोवर मुरतो तो वेगळाच.

न्यू जर्सीतल्या भाच्याला हे पटत नाही. तिकडे गाईचा खिमा पाकिटात मिळतो, वर 80 टक्के मांस नि 20 टक्के चरबी असा हिशोब छापलेला. तो ताज्या खिम्याची चकती तव्यावर दाबतो, वर चीज ठेवतो आणि हे सगळं आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवतो. अशा वेळी आई ‘आवाज येत नाही रे’ म्हणते. आवाज येत असतो. आपल्याकडे गोहत्याबंदीचा कायदा 1976चा. 2015च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्यात आले. आमच्या घराची मजल त्याआधीही बोकडापुढे गेलेली नव्हती, त्यामुळे सरकारने आमचं काही अडवलं नाही. आमचं अडलं ते वारांपायी.

मराठी घरातले खाण्याचे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आता ही मांडणी जरा बारकाईने बघा. बुधवारी खिमा केला, तो शिळा झाला गुरुवारी. शुक्रवारचा शनिवारी. रविवारचा सोमवारी. ज्या ज्या दिवशी खिमा सँडविचच्या लायकीचा होतो, त्या त्या दिवशी त्याला हात लावायची सोय नाही! खाण्याचे दोन वार कुठेही लागून आलेले नाहीत. ज्याने कुणी ही वाटणी केली, त्याने शिळ्या मटणाचा प्रश्न मुळातूनच निकालात काढला होता. फ्रीज येणार हे काही त्याला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस थांबावं, म्हणजे बुधवारचा खिमा शुक्रवारी काढावा, हा मार्ग कागदावर सोपा दिसतो. पण त्यासाठी खिमा उरावा लागतो. आमच्याकडे खिमा आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लपवून पाहिला. मराठी घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम असेल, असा संशयसुद्धा कुणाला येत नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच डबा उघडला गेला. ‘मीठ बघत होतो’ हे आमच्या मुलाचं उत्तर. मीठ बघता बघता डब्याचा तळ दिसला.

त्यात आम्ही राहतो वसईजवळ चिंचोटीला. लालबागच्या खोलीत होतो तेव्हा पाहुणा आधी निरोप धाडून यायचा. इथे पाऊस लागला की धबधबा बघायला अख्खी मुंबई हायवेने चिंचोटी नाक्यावर उतरते. तिथे जीव गेलेत, म्हणून पावसाळ्यात मनाईहुकूम निघतो आणि पोलीस लोकांना खालूनच माघारी धाडतात. माघारी फिरलेल्या, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या माणसाला एकाएकी आठवतं की आपला आतेभाऊ इथेच कुठेतरी राहतो. मग बेल वाजते. ‘धबधबा बंद आहे, म्हटलं तुमच्याकडे डोकावून जाऊ.’ हे लोक रविवारी येतात, आषाढात येतात, म्हणजे आखाडाची भूक घेऊन येतात. सकाळी केलेला खिमा दुपारी पावाबरोबर संपतो. आता पावाला नाही म्हणायचं कुणी! पोर्तुगीज 1534 साली वसईत आले, 1739 साली चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून किल्ला घेतला. पाव मात्र आपण ठेवून घेतला, हा त्या तहातला सर्वांत शहाणपणाचा भाग मानायला हरकत नाही.

मार्ग निघाला तो शेजारणीमुळे. समोरच्या काकू वसई गावातल्या, ख्रिस्ती. त्यांना मंगळवार वर्ज्य नाही. त्यांचा मंगळवारचा खिमा शिळा होतो तो बरोबर आमच्या बुधवारी! हा योग लक्षात आल्यावर मी मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पेपर मागायला जाऊ लागलो. काकूंच्या खिम्यात बॉटल मसाला असतो. पूर्वी तो बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणून हे नाव. लाल मिरची, हळद, धणे, तीळ आणि आणखी कितीतरी जिन्नस भाजून, कुटून केलेला. खिमा त्या अगदी कोरडा करतात, कढईच्या कडेला तेल दिसेपर्यंत, आणि त्यात उकडलेल्या बटाट्याच्या बारीक फोडी टाकतात. सँडविचच्या दृष्टीने याहून चांगलं काही असू शकत नाही. पण ‘तुमच्याकडे काही शिळं आहे का?’ असं शेजारणीला विचारायचं कसं? शिकवलेले सगळे शिष्टाचार आडवे येतात. त्यातून उपवासकाळ लागला की काकूंचं स्वयंपाकघर ईस्टरपर्यंत थंड, आणि ते संपून उन्हाळा सरतो न सरतो तोच आमचा श्रावण.

2023 साली तर श्रावणच अधिक आला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत श्रावण! अधिकात खायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढून ओट्यावर ठेवलं, मी चष्मा लावला, आणि त्या चाळवाचाळवीत मला सूर्योदयाच्या वेळा दिसल्या. तिथेच ट्यूब पेटली. पंचांगाचा वार रात्री बारा वाजता बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. म्हणजे बुधवारी सकाळी केलेला खिमा रात्रभर फ्रीजमध्ये मुरला, तरी पहाटे पाच वाजता बुधवारच असतो. शिळा खिमा आणि खाण्याचा वार, दोन्ही एकाच वेळी. कुठल्याही देवाची मर्जी न मोडता.

पुढच्या वर्षीच्या आषाढातल्या एका बुधवारी हे अमलात आणलं. मटणवाल्याकडून खिमा दोनदा मशीनमधून काढून घेतला, ‘चरबी काढू नका’ असं बजावून. रात्री डबा भाजीच्या कप्प्यात, कारल्यांच्या खाली ठेवला. कारली हलवून बघणारं आमच्या घरात कुणी नाही. पहाटे उठलो तर लाईट गेलेली. इथे पाऊस आणि लाईट एकत्र नांदत नाहीत, त्यामुळे लग्नात आलेला इलेक्ट्रिक टोस्टर खोक्यातच असतो. माझा भरवसा गॅसवरच्या चिमट्याच्या टोस्टरवर. स्लाइसला बाहेरून लोणी, आतून खिमा, त्यावर किसलेलं चीज; आपलं नेहमीचं क्यूबचं, कारण ते तेल न सोडता मऊ होतं आणि खिम्याच्या दाण्यांत शिरून त्यांना धरून ठेवतं. मोझरेला नुसतं लोंबतं, फोटोपुरतं बरं. कडेला बोटभर जागा सोडायची, चिमटा दाबायचा, बाहेर आलेल्या कडा तशाच राहू द्यायच्या. त्या जळून कुरकुरीत होतात आणि खरं सांगायचं तर मी सगळा खटाटोप त्या कडांसाठीच करतो. मोबाईलच्या उजेडात टोस्टर उलटला. चर्र झालं, फटीतून लोण्याची वाफ आली, आणि कोपऱ्यात मसाल्याच्या तेलाचा एक नारिंगी डाग उमटला.

पहिला घास घेतला आणि टाळू भाजला. मागे आई उभी.

‘आज गुरुवार ना रे?’

मी तोंडातली वाफ सांभाळत तिला पंचांग समजावलं. वार, सूर्योदय, सगळं. आईने मोबाईल माझ्या हातातून घेतला, घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मिट्ट काळोख, हायवेवर ट्रकांची रांग.

‘सूर्योदय किती वाजता म्हणालास?’

‘सहा वाजून गेल्यावर.’

‘मग उभा काय राहिलास? दुसरं लाव. आणि माझ्यात चीज कमी घाल.’